शाळेत वाद्यवृंद नेताना: चार-पाच वादकांच्या शैक्षणिक कार्यक्रमाची तयारी, खानदेशातल्या गटांसाठी

बहुतेक गट एकाच ठिकाणी चुकतात. रंगमंचावरची अडीच तासांची यादी घ्यायची, त्यातली सहा-सात गाणी काढायची, मध्ये "ओळखा बरं, हे कोणतं वाद्य?" असं विचारायचं आणि त्याला शैक्षणिक कार्यक्रम म्हणायचं. मुलं टाळ्या वाजवतात, नाचतात, शाळा शाल-नारळ देते. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर क्लॅरोनेट आणि सनई यांच्या आवाजातला फरक कुणाला सांगता येत नाही. मुलांनी गाणी ऐकली, पण त्यांचा कान तयार झाला नाही.

चूक क्रमात आहे. गाणी आधी ठरतात आणि बाकीचं त्यांच्याभोवती बसवलं जातं. खरा क्रम असा: तारीख, शाळेची पाहणी, शिकवायची एकच गोष्ट, त्या गोष्टीला लागणारी वाद्यं, आणि मग गाणी. कार्यक्रमाच्या आधी सहा आठवडे हाताशी ठेवा. पहिल्या तीन टप्प्यांनाच त्यातले तीन आठवडे जातात.

टप्पा १: तारीख

दोन कालावधी चांगले: जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्ट, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारीपासून शाळांना परीक्षा दिसू लागतात आणि वादकांना लग्नाच्या सुपाऱ्या. एप्रिल-मे तर खानदेशात उन्हामुळेच बाद.

या दोन कालावधींतही अडचणी आहेत. कपाशीच्या वेचणीत वरच्या वर्गांची हजेरी घसरते. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीनंतर घरंच्या घरं रिकामी होतात, म्हणून तिथे जुलै-ऑगस्टच धरा. आठवडे बाजाराचा दिवस टाळा. श्रावणात कानबाईच्या उत्सवाचा रविवार आणि त्याला लागून येणारा सोमवार टाळा. या कालावधींबाहेर जायची वेळ आलीच तर हेही धरा: धडगाव-अक्कलकुवा भागात होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार (आदिवासींचे सणाचे बाजार) भरतात, तेव्हा शाळेत मुलं शोधावी लागतात. शनिवारी शाळा सकाळची असते. लवकर पोहोचणार असाल तर तो दिवस उत्तम, कारण दुपारी पुढचा तास वाट पाहत नसतो.

परवानगीचं पत्र याच टप्प्यात द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना पत्र आणि प्रत केंद्रप्रमुखांना. शासकीय आश्रमशाळेत एकट्या मुख्याध्यापकांच्या होकारावर निघू नका. त्या शाळा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत येतात (खानदेशात नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे प्रकल्प कार्यालयं आहेत), म्हणून पत्र प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे जायला हवं.

*तपासा:* पत्रात तारीख, वेळ, माणसं किती, कोणते वर्ग, वीज लागणार की नाही आणि मुलांकडून पैसे घेणार नाही, हे सहाही मुद्दे आहेत ना?

टप्पा २: शाळा आधी डोळ्यांनी पाहा

फोनवर "मोठा हॉल आहे" असं कळतं. प्रत्यक्षात तो पत्र्याचा शेड निघतो. जुलैत पत्र्यावर पावसाची सर आली की व्हायोलिन तर सोडाच, ढोलकीसुद्धा तिसऱ्या रांगेत ऐकू येत नाही. म्हणून गटातल्या एकाने तरी आधी जाऊन यायचं, आणि ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच वेळी जायचं. जाताना ढोलकी किंवा पेटी बरोबर न्या. एकाने वाजवावं, दुसऱ्याने मागच्या भिंतीपाशी उभं राहून ऐकावं.

तिथे एवढं लिहून आणा:

- बसायची जागा किती मुलांची. ८० ते १०० मुलांपुढे माइकशिवाय काम होतं, त्यापुढे नाही. पट जास्त असेल तर दोन सत्रं करा.
- सावली कुठे आणि किती वाजेपर्यंत. झाडाखाली बसवायचं तर ऊन मुलांच्या पाठीवर हवं, डोळ्यांत नको.
- रिकाम्या सभागृहात टाळी वाजवून पाहा. आवाज घुमत असेल तर सतरंज्या मागून घ्या. मुलं बसल्यावर तो बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही.
- शालेय पोषण आहार कधी वाढला जातो. खिचडीचा वास सुटल्यावर मुलांचं लक्ष धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. भुकेल्या मुलांवर तो अन्याय आहे. सत्र जेवणाच्या किमान एक तास आधी संपवा, नाहीतर जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या.
- मुलं घरी काय बोलतात: अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, तडवी? पहिली-दुसरीच्या मुलांना प्रमाण मराठी कितपत समजतं?
- कुणाला कमी ऐकू येतं का, मोठ्या आवाजाला कुणी घाबरतं का.

शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. त्याचं उत्तर तुमच्या कार्यक्रमाचा आराखडाच बदलू शकतं. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या हातात फुगवलेला फुगा द्या आणि त्याला ढोलकीजवळ बसवा. ठेका त्याला तळव्यांवर जाणवतो.

टप्पा ३: एकच गोष्ट ठरवा

एका सत्रात एकच गोष्ट शिकवता येते. ती एका वाक्यात लिहून वादकांच्या खोलीत चिकटवा. वाक्यात "आणि" आला तर ते वाक्य मोडा.

पहिली ते चौथीसाठी: "आवाज जाड असतो, बारीक असतो." किंवा: "केरवा तालात आठ मात्रा असतात आणि पहिलीवर टाळी पडते." या दुसऱ्या वाक्यात "आणि" आलाच, म्हणजे या वयाला त्याचा अर्धाच भाग पुरे.

पाचवी ते आठवीसाठी: "हवेची नळी आखूड केली की सूर चढतो." सातवी-आठवीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा असतो. तो शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना आधी भेटलात, तर तुमचं सत्र त्यांच्या धड्याला जोडलं जातं आणि शाळाही मनापासून वेळ देते.

"मुलांना संगीताची गोडी लावणे" हा हेतू चांगला आहे, पण त्यावरून तालीम आखता येत नाही. कार्यक्रमानंतर मुलाला विचारून पडताळता येईल, असंच वाक्य हवं.

टप्पा ४: वाद्यं आणि माणसं

चार वादक पुरेत, पाच म्हणजे भरपूर. निवडताना आपल्या जुन्या वर्गवारीचा आधार घ्या: तारेचं एक, फुंकेचं एक, चामड्याचं एक, आणि आघाताचं धातूचं किंवा लाकडाचं एक. व्हायोलिन, क्लॅरोनेट, ढोलकी, टाळ-मंजिरी आणि सुराला पेटी. या पाचांवर वर सांगितलेलं कोणतंही वाक्य शिकवता येतं.

ट्रम्पेट मुलांना फार आवडतो, तो न्यायला हरकत नाही. मात्र वर्गखोलीत त्याचं तोंड मुलांकडे कधीही नको, भिंतीकडे वळवा. व्हायोलिनबरोबर एकाच ओळीत वाजवायचा असेल तर म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावा, नाहीतर व्हायोलिनवाला नुसता हात हलवताना दिसेल.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (तालवाद्यांचे आवाज काढणारं विजेवरचं पॅड) शक्यतो घरी ठेवा. कारण फक्त विजेचं नाही. एका डब्यातून बासरीही येते आणि तबलाही, हे पाहिल्यावर आवाज कशाने होतो हा प्रश्नच मुलांच्या मनातून जातो.

पावरी वाजवणारा कुणी गावातच असेल तर त्याला नक्की बोलवा. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचं ते वाद्य फुंकेच्या तत्त्वासाठी फार उपयोगी आहे. पण साक्री-नवापूर पट्ट्यात पावरीचा संबंध डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाशी आहे. काय वाजवायचं, काय नाही, हे वाजवणाऱ्यानेच ठरवावं. त्याला मानधन बाकीच्यांइतकंच द्या आणि बसायला जागा बाकीच्यांच्या ओळीतच द्या.

*सावध:* मानधन, गाडीभाडं आणि जेवण आधी लिहून ठरवा. "शाळेचं काम आहे, बघू" असं ठेवलं की ऐनवेळी लग्नाची सुपारी येते आणि ढोलकीवाला जातो. दोष त्याचा नसतो.

टप्पा ५: नळ्यांचा संच बनवा

पाचवीपासूनच्या वर्गांसाठी याहून चांगलं साधन नाही, आणि साहित्य हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. विजेच्या फिटिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप दोन मीटर घ्या. एक टोक बंद असलेल्या पाच नळ्या करायच्या. आतल्या हवेची लांबी, म्हणजे बुचापासून उघड्या तोंडापर्यंत, अशी:

सा ३० सेंटीमीटर, रे २६.७, ग २४, प २०, ध १८.

हे भूप रागाचे पाच स्वर झाले. मापं ८/९, ४/५, २/३ आणि ३/५ या प्रमाणात आहेत. सातवीच्या मुलाला हे अपूर्णांक फळ्यावर मांडता येतात, आणि तिथे गणिताच्या सरांचे डोळे चमकतात.

१. प्रत्येक नळी बुचाच्या जागेसाठी दोन सेंटीमीटर जास्त कापा. उघडं तोंड कानशीने गुळगुळीत करा.
२. खालून घट्ट बूच किंवा एम-सील बसवा. हवा कुठूनही निसटता कामा नये.
३. तोंड खालच्या ओठाला टेकवून आडवी फुंक मारा, जशी रिकाम्या बाटलीवर मारतो.
४. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी दोन (दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे इंग्रजी डी) धरा. ३० सेंटीमीटरचा सा तिच्या किंचित खाली वाजेल. उघडं टोक थोडं थोडं घासत त्याला वर आणा. मग बाकीच्या नळ्या त्या सा वर मिळवा.

आखूड नळ्या हिशोबापेक्षा थोड्या उतरलेल्या वाजतात, कारण तोंडाबाहेरची थोडी हवासुद्धा नळीबरोबर हलते आणि आखूड नळीत तिचा वाटा जास्त पडतो. सा घासून आखूड झाला की त्याच प्रमाणात त्याही आखूड कराव्या लागतात. त्याशिवाय प आणि ध अजून एक-दोन मिलिमीटर कमी करावे लागतील. एकदम कापू नका, घासलेलं परत येत नाही.

*सावध:* एक नळी पाच तोंडांत फिरू देऊ नका. पाच मुलं, पाच नळ्या. सत्रानंतर साबणाच्या पाण्याने धुवायच्या.

टप्पा ६: आता गाणी, आणि पट्टी

तीन चिजा पुरतात: सुरुवातीची एक जोरकस धून, मुलांनी म्हणायची एक ओळ, आणि शेवटची धून. सुरुवात आणि शेवट दोन-दोन मिनिटांचे.

मुलांनी म्हणायची ओळ त्यांच्या ओळखीची असली तर दहा मिनिटं वाचतात. आखाजीची (अक्षय तृतीयेची) झोक्यावरची गाणी मुलींना पाठ असतात. पाहणीच्या दिवशी शिक्षकांना चार गाण्यांची नावं विचारा, एक मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणा आणि त्याच चालीवर वाद्यं बसवा. देवाचं गाणं घ्यायचं असेल तर गावात विचारून घ्या.

पट्टीत, म्हणजे सा कोणत्या सुरावर धरायचा यात, सर्वांत जास्त चुका होतात. पुरुष गायक आपल्या काळी एकला सुरू करतो, मुलांना ते खाली पडतं आणि ती बोलल्यासारखं गुणगुणतात. नाहीतर गायिका काळी चार-पाचला जाते आणि वरच्या सप्तकात मुलं किंचाळतात. प्राथमिकच्या मुलांसाठी सा पांढरी दोन किंवा काळी दोन ठेवा आणि ओळ मध्य सा ते ध एवढ्यातच फिरवा.

यातली कोणती घ्यायची हे फुंकेच्या वाद्यावर ठरतं. व्हायोलिन मुख्य असेल तर पांढरी दोन, तिथे त्याच्या मोकळ्या तारा मदतीला येतात. आल्टो सॅक्सोफोन आणि क्लॅरोनेट असतील तर काळी दोन. या वाद्यांचा कागदावरचा सूर आणि वाजणारा सूर वेगळा असतो; तिथे सा साठी सॅक्सोफोनला लिहिताना सी आणि क्लॅरोनेटला एफ येतो, बोटं सहज पडतात. पांढरी दोनला सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावर पाच शार्प (चढवलेले स्वर) येतात. काळी दोन घेतलीत तर नळीचा सा २८ सेंटीमीटरपासून मिळवायला घ्या आणि बाकीच्या त्याच प्रमाणात कापा.

*तपासा:* मुलांची ओळ शेजारच्या एखाद्या तिसरीतल्या मुलीकडून वाद्यांशिवाय म्हणवून घ्या. तिची मान वर ताणली गेली, तर पट्टी चुकली.

टप्पा ७: मिनिटांचा आराखडा

पाचवी ते आठवीसाठी ४० मिनिटं:

- ० ते ४: नमस्कार-परिचय काहीही नाही. थेट धून. मग दोन वाक्यांत आपण कोण आणि आज काय शोधायचं.
- ४ ते १०: एकेक वाद्य, प्रत्येकी सव्वा मिनिट. वाजवायचं आधी, नाव नंतर.
- १० ते १८: नळ्यांचा प्रयोग.
- १८ ते २६: मुलांची ओळ आणि टाळी.
- २६ ते ३४: ऐकण्याचा खेळ.
- ३४ ते ३८: मुलांचे प्रश्न.
- ३८ ते ४०: शेवटची धून.

पहिली ते चौथीसाठी ३० मिनिटं: नळ्या आणि प्रश्न गाळा, टाळी आणि खेळ ठेवा, उरलेली मिनिटं वाद्यं जवळून पाहण्यात घालवा.

ऐकण्याचा खेळ असा घ्यायचा. मुलांना डोळे मिटायला सांगा. एकच ओळ सगळ्यांनी मिळून दोनदा वाजवा. तिसऱ्यांदा तीच ओळ, पण एक वादक गप्प. "काय गेलं?" एवढाच प्रश्न. पहिल्या फेरीत ढोलकी गाळा, ती सगळ्यांना कळते आणि धीर येतो. दुसऱ्या फेरीत क्लॅरोनेट. तिसऱ्या फेरीत कुणालाच गाळू नका. इथे अर्धी मुलं काहीतरी नाव सांगतील आणि एखादा हळूच म्हणेल, "काही नाही गेलं." त्याला उभं करून शाबासकी द्या, कारण तोच खरं ऐकत होता. या खेळासाठी वादकांना एक पथ्य: गप्प राहायचं ते वाद्य न हलवता. नुसत्या खुडबुडीवरून मुलं ओळखतात.

टाळीसाठी केरवा घ्या, धा गे ना ति न क धि न. बोल आधी तोंडाने म्हणवून घ्या, टाळी नंतर, ढोलकी सर्वांत शेवटी. मुलं लय वाढवत जातात. ढोलकीवाला त्यांच्यामागे धावला की एका मिनिटात सगळं विस्कटतं. त्याने आपली लय सोडायची नाही. मुलं दोन आवर्तनांत (आठ मात्रांच्या दोन फेऱ्यांत) परत येतात.

बोलणारा एकच असावा, आणि तो वादकांपैकीच असावा. भाड्याचा निवेदक चारोळ्या म्हणतो. वाक्यं छोटी ठेवा. गाव अहिराणी बोलणारं असेल तर "आते आयका" एवढ्या दोन शब्दांनीही मागची रांग पुढे सरकते. मात्र येत नसलेली बोली विनोदासाठी वापरू नका. तोरणमाळ, मोलगीच्या बाजूला स्थानिक शिक्षकाला शेजारी उभं करा आणि सूचना त्याच्या तोंडून जाऊ द्या.

टप्पा ८: तालमी

तीन तालमी. पहिली फक्त वाजवण्याची. दुसरी बोलण्यासकट, घड्याळ लावून. बोलण्याचे भाग ठरल्यापेक्षा दीडपट लांबतात, तिथेच कात्री लावा. तिसरी पाच-सहा मुलांसमोर, गल्लीतली चालतील.

टप्पा ९: त्या दिवशी

१. कार्यक्रमाच्या एक तास आधी शाळेत. घाटरस्त्याला नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका, दीडपट वेळ धरा. दिवसाला दोनच शाळा.
२. वाद्यं गाडीत उन्हात ठेवू नका. बंद गाडीत व्हायोलिनचं सरस सुटतं, गजाला लावायची राळ वितळते. चहा नंतर, वाद्यं आधी सावलीत.
३. पेटीचा सूर हलवता येत नाही, म्हणून सगळ्यांनी पेटीशी जुळवायचं. उन्हाने फुंकेची वाद्यं चढतात आणि तारा उतरतात, म्हणजे दोघं एकमेकांपासून दूर जातात. क्लॅरोनेटचं बॅरल (तोंडाजवळचा छोटा जोड) एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलटं: क्लॅरोनेट उतरलेलं असतं. ते आधी हातात धरून ऊब द्या, मग हळूहळू फुंका. गार लाकडात एकदम जोराने फुंकलं तर चीर जाऊ शकते. पावसाळ्यात ढोलकीचं चामडं सैल पडतं, कडी-दोऱ्या आदल्या रात्रीच पाहा.
४. जुळवणी मुलं यायच्या आधी संपवा.
५. लहान मुलं पुढे, पहिली रांग वादकांपासून दोन मीटरवर. मध्ये जायला एक वाट ठेवा, म्हणजे व्हायोलिन मागच्या रांगेपर्यंत नेता येतं.
६. शिक्षक मुलांमध्ये बसलेले हवेत, कडेला खुर्च्यांवर नकोत. हे मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवा.
७. सत्कार, भाषणं शेवटी. सुरुवातीला घेतली तर ४० मिनिटांतली १५ गेली.

*सावध:* मुलांचे फोटो, व्हिडिओ शाळेला विचारल्याशिवाय काढू नका आणि पालकांच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नका. आश्रमशाळेत याबाबत जास्तच जपा.

वीज गेली, एक वादक आला नाही, पाऊस आला: या तिन्हींसाठी काय गाळायचं ते गाडीत बसण्याआधी ठरलेलं हवं. पेटीवाला नसेल तर ओळ कोण देणार? पाऊस आला तर कोणत्या वर्गखोलीत, आणि दोन तुकड्या कशा करायच्या?

टप्पा १०: नंतरचा आठवडा

निघण्याआधी पाच मुलांना टप्पा ३ मधल्या वाक्यावरून एक प्रश्न विचारा. "ही नळी कापली तर आवाज कसा होईल?" वर्गातली हुशार म्हणून पुढे केलेली मुलं नकोत, मागच्या रांगेतली घ्या. तीन जणांना जमलं तर आराखडा तसाच ठेवा. दोनच किंवा कमी असतील तर पुढच्या शाळेआधी आराखड्यातला १० ते १८ मिनिटांचा भाग बदला, गाणी नव्हे.

नळ्यांचा एक संच मापांच्या कागदासह शाळेत ठेवून या. आठ दिवसांनी विज्ञानाच्या शिक्षकांना फोन करा आणि विचारा, मुलांनी सहावी नळी बनवली का. वरचा सा हवा असेल तर तिचं माप १५ सेंटीमीटर येतं, पण ते त्यांना सांगू नका.